मासोळ्यांचं वकीलपत्र

रायपूरला राजधानी आली तेव्हापासून या शहरात ज्यांच्या ज्यांच्या बैठकीत काचेच्या पेटीत मासोळ्या सुखानं पोहत आहेत, त्यांतल्या निम्म्या तरी आमच्या मोठेबाबांच्या परवानगीनं पोहत आहेत, असं मी कुठेही आणि कोणासमोरही छाती पुढे काढून सांगायला तयार आहे. उरलेल्या निम्म्या फार दिवस पोहणार नाहीत, असं मोठेबाबांचं म्हणणं. मी इतकं कठोर बोलत नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बूढापाऱ्यात तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत आमचं घर, वर ते आणि खाली आम्ही. पेशानं ते वकील, तेही दिवाणी बाजूचे. हद्दीचे वाद, वाटणीचे दावे, सामायिक भिंती, सामायिक विहिरी असलं सगळं त्यांच्याकडे यायचं. नवं राज्य झालं, बिलासपूरला हायकोर्ट आलं, त्यांच्या बरोबरीचे कितीतरी वकील चंबूगबाळं आवरून तिकडे गेले आणि मोठे झाले. मोठेबाबाही गेले होते. सकाळच्या गाडीनं गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. मोठ्याईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं, "काहून हो, नाही जमलं का?" तर कोट खुंटीला अडकवत म्हणाले, "जमलं असतं वं. पण वरच्या टँकमधल्या पिल्लाईले दिवसातून तीनदा खायला लागते. ते कोण घालंल? तू?" मोठ्याईनं पोळ्या लाटायला घेतल्या. घरातला हायकोर्टाचा विषय तिथेच मिटला.

कोर्ट सुटलं की मोठेबाबा घरी येत नसत. तळ्याजवळ एक मासोळ्यांचं दुकान होतं, तिथे काळ्या कोटासकट जाऊन ते स्टुलावर बसत आणि आलेल्या गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेत. राजधानी झाल्यामुळे तेव्हा शहरात रोज नवी कॉलनी उभी राहत होती, नव्या फ्लॅटला नवा सोफा आणि सोफ्याच्या बाजूला फिशटँक हवाच, अशी पद्धत पडली होती. लोक यायचे आणि एका दमात सांगायचे, "भैया, हर रंग की एक-एक दे दो." हे वाक्य ऐकलं की मोठेबाबा स्टुलावरून उठायचे. टँक केवढा? पाणी भरून किती दिवस झाले? कालच भरलं? मग आज मासोळी नाही मिळणार. गोल्डफिश कशाला हवी? तिला थंड पाणी लागतं, ती खाते पुष्कळ आणि घाण त्याहून पुष्कळ करते. दीड फुटाच्या पेटीत ती स्वतः गुदमरेल आणि शेजाऱ्यालाही गुदमरवेल. फायटर घेताय, तर एकट्यालाच ठेवा. त्याला सोबत नको असते, ही गोष्ट लोकांना काही केल्या पटत नाही आणि बिचाऱ्याला ते लांब शेपट्यांच्या गप्पींबरोबर सोडून देतात. तळाशी चिकटणारी ती काळी 'सफाईवाली' मासोळी कोणी मागितली, की मोठेबाबा कोटाची बाही वर सरकवून बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत हात दाखवायचे. "आज उंगली जितनी है. बड़ी होके इतनी होगी. रखेंगे कहाँ, बाथरूम में?" टायगर नावाची पट्ट्यापट्ट्यांची देखणी मासोळी तर त्यांनी 'फौजदारी' म्हणूनच नोंदवून टाकली होती, कारण ती दुसऱ्यांच्या पंखांचे लचके तोडते. "आपुन दिवाणीवाले," ते दुकानदाराला म्हणत, "फौजदारी केस आपल्या अंगणात नको."

दुकानदार या माणसाला हाकलून का देत नाही, हे आम्हाला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा मी त्याला विचारलंच. तो हसून म्हणाला, "दीदी, वकीलसाहब दस में से सात ग्राहक भगा देते हैं. पर जो तीन बचते हैं, वो दस साल तक आते हैं." मला हे ऐकून जो आनंद झाला तो माझ्या स्वतःच्या बी.ए.च्या निकालानंही झाला नव्हता. नातेवाइकांत मोठेबाबा म्हणजे वाया गेलेला हुशार माणूस. मला मात्र त्या दुकानात 'वकीलसाहब की भतीजी' म्हणून स्टूल पुसून मिळायचं, आणि तो मान मी ताठ मानेनं घ्यायची.

पण मोठेबाबा खरे कोण आहेत, हे मला कळलं ते माझ्या लग्नाच्या बोलणीत.

स्थळ भोपाळचं होतं, म्हणजे आता रायपूरचं. राज्य वेगळं झालं तेव्हा सरकारी माणसांचीही वाटणी झाली, आणि मुलाच्या वडिलांचं नाव इकडच्या बाजूला आलं. तेव्हा मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं. तिथे ते कसलेसे अधिकारी होते. घर शंकरनगरला. मुलाकडचे आधी आमच्याकडे येऊन मला बघून गेले, पसंती कळवली, मग रीतीप्रमाणे आम्ही त्यांच्याकडे गेलो. आई, बाबा, मी आणि घरातले वडीलधारे म्हणून मोठेबाबा. निघताना आईनं त्यांना अगदी हात जोडून सांगितलं होतं, "भाऊजी, आज मासोळीचा विषय नका काढू बरं." मोठेबाबांनी मोठ्या उदारपणे मान डोलावली होती.

बैठकीत शिरलो आणि आईचा चेहरा उतरला. सोफ्याच्या बाजूलाच फिशटँक होता. दोन फुटांचा. आईनं चलाखी करून मोठेबाबांना त्याच्याकडे पाठ होईल अशा खुर्चीवर बसवलं. पोहे आले, चहा आला. मुलाचे वडील, त्यांना आपण काका म्हणू, मुलाच्या नोकरीबद्दल सांगू लागले. मुलगा खाली मान घालून बसला होता. मोठेबाबा ऐकत होते, पण समोरच्या शोकेसच्या काचेत मागच्या टँकचं प्रतिबिंब पडलं आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांच्या हातातली बशी हळूहळू खाली गेली. मग ते उठले, सरळ टँकपाशी गेले, चांगला इस्त्रीचा पायजमा न पाहता फरशीवर गुडघे टेकून बसले आणि काचेला नाक लावलं.

"ह्या एंजलचे पंख कोणं खाल्ले?" त्यांनी विचारलं.

 आत खरंच एक एंजल मासोळी कोपऱ्यात कलली होती, तिचे लांब पंख फाटलेल्या पतंगासारखे लोंबत होते. भोवती टायगरची टोळी फिरत होती, मधे दोन गोल्डफिश धापा टाकत होत्या आणि तळाशी ती काळी सफाईवाली पसरली होती.

काका हसत म्हणाले, "अहो वकीलसाहेब, मछली तो मरती रहती है. पंडितजी म्हणाले, घरावरची बला मासोळी आपल्या अंगावर घेऊन जाते. चांगलंच आहे ते."

"मंग तुमच्या घरावर भलत्याच बला येऊन राहिल्या," मोठेबाबा काचेवरून नाक न काढता म्हणाले.

आईनं डोळे मिटून घेतले. बाबा उगाच छताकडे बघू लागले. तेवढ्यात दारातून आवाज आला. मुलाची आई, म्हणजे काकू, लाडवांचं ताट घेऊन तिथेच उभ्या राहिल्या होत्या. आम्ही आल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. "दर आठवड्याला एखादी जाते," त्या म्हणाल्या. "मी इतकं करते त्यांचं. रविवारी सगळं पाणी काढून टाकते, दगड घासून उन्हात वाळवते. तरी जातातच. माझ्या हातालाच यश नाही."

मोठेबाबा वळले. कोर्टातला, दुकानातला त्यांचा आवाज मला पाठ होता. हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "वहिनी, तुमच्या हाताचा काही दोष नाही," ते म्हणाले. "हे सगळे एकत्र राहणारे नाहीतच. ह्या गोल्डफिशले थंड पाणी पाहिजे, एंजलले गरम. टायगर तिले चावते. अन् एवढ्याशा पाण्यात इतकी गर्दी. तुमाले हे कोणी सांगितलंच नाही. तुमी तर उलटा जास्त जीव लावला. दगड इतके घासले का पाण्यातलं जे चांगलं असते, घाण जिरवणारं, ते बी धुऊन गेलं."

 काकूंनी ताट टीपॉयवर ठेवलं आणि त्याही फरशीवर बसल्या, टँकसमोर.

वातावरण सावरायला काका म्हणाले, "खरंय, खरंय. माणसांचंही असंच असतं, नाही का? जोडी जुळली पाहिजे." आणि माझ्याकडे व मुलाकडे पाहून हसले.

"नाही," मोठेबाबा म्हणाले. "माणसाचं असं नसते. माणसाले दार असते. पटलं नाही तर उठून जाता येते. ह्याईनं कुठं जाव? आपण आणून टाकलं तेवढीच ह्याईची दुनिया. म्हणून आणणाऱ्यानं पाहून आणाव."

त्या दिवशी आम्ही शंकरनगरहून निघालो तेव्हा माझ्या एका हातात खणानारळाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात काकूंनी भरून दिलेली, पाण्यानं फुगलेली गोल्डफिशची. एंजल वेगळ्या पिशवीत बाबांकडे होती. टायगरची टोळी आणि ती काळी मासोळी आमच्या दुकानदाराकडे जाणार होत्या. आई रिक्षात बसल्यावर म्हणाली, "झालं. गेलं स्थळ." मोठेबाबा मला म्हणाले, "ज्योती, ते पिशवी सरळ धर."

स्थळ गेलं नव्हतं. तिसऱ्याच दिवशी काकूंचा फोन आला, पण तो लग्नाबद्दल नव्हता. आता टँकमध्ये काय करू, असं विचारायला होता. मोठेबाबांनी संध्याकाळचं दुकान सोडलं आणि शंकरनगरला जायला लागले. मदतीला मला घेऊन. आईबाबांनी हरकत घेतली नाही, कारण जाणंयेणं वाढलं तर बरंच, असं त्यांना वाटत होतं. मोठेबाबांनी काकूंकडून टँक नव्यानं लावून घेतला. वाळू, थोडी झाडं, फिल्टर, आणि पाणी. मग म्हणाले, "आता थांबा." काकूंनी विचारलं किती. "पाणी म्हणंल तोपर्यंत." रोज जाऊन ते त्या रिकाम्या पाण्यासमोर बसायचे, कसल्याशा थेंबांनी ते तपासायचे आणि मान हलवायचे. काका ऑफिसातून आले की वैतागायचे, "खाली पानी को रोज़ क्या देखते हैं ये लोग?" लग्नाचा विषय निघाला की म्हणायचे, "पहले मछली आ जाए, फिर बात करेंगे." सगळ्या शंकरनगरात माझंच एक लग्न असं असेल, जे पाणी मुरायची वाट बघत थांबलं होतं.

त्या रिकाम्या टँकसमोर बसून काकू बोलायला लागल्या. भोपाळला त्यांची वीस वर्षांची शेजारीण होती, भाजीवाली ओळखीची होती, मंगळवारची भजनं होती. वाटणीत साहेबांचं नाव आलं आणि सगळं सामान ट्रकमध्ये चढलं. इथे दिवसभर फ्लॅट आणि त्या. "घरात काहीतरी हलतं असावं म्हणून मासोळ्या आणल्या," त्या एकदा म्हणाल्या. "त्या मरायला लागल्या तेव्हा मला वाटलं, हे गावच मला नको म्हणतंय." मोठेबाबा थेंब मोजत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "गाव तर पाहूनच नाही राहिलं तुमाले अजून. तुमी बाहेर कुठं निघता?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना आमच्या घरी मोठ्याईकडे नेलं, तिथून दोघींना तळ्यावर. पुढच्या मंगळवारी पुरानी बस्तीतल्या देवळात भजनाला काकू आणि मोठ्याई मिळून गेल्या.

या काळातच एका संध्याकाळी काकू आत चहा करायला गेल्या असताना मुलगा माझ्याजवळ आला. मराठी त्याला कळायची, पण बोलायचा तो हिंदीतच. टँककडे बघत हळूच म्हणाला, "देखिए, आप बुरा मत मानिएगा. भोपाल में एक लड़की है. पापा से कहने की हिम्मत नहीं हुई." मी म्हटलं, "मेरे सामने हो गई, ये भी कम नहीं." आणखी काय म्हणणार होते?

परतताना स्कूटरवर मी हे मोठेबाबांना सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली.  मग विचारलं, "तुले वाईट वाटलं का?"

"नाही."

"थोडंसं?"

"थोडंसं."

"बरं," ते म्हणाले, आणि समोरच्या ठेल्यावर नेऊन मला पोट फुटेस्तोवर गुपचुप, म्हणजे इकडची पाणीपुरी, खाऊ घातले. स्वतः खाल्ले नाहीत. नुसते पुऱ्या भरणाऱ्याला "और तीखा" सांगत उभे राहिले, त्यामुळे माझ्या डोळ्यांत पाणी कशानं आलं हे कोणालाच सांगता आलं नसतं.

पाणी तयार झालं त्या रविवारी मोठेबाबांनी मासोळ्या नेल्या. आधी फक्त झेब्रा, छोट्या चपळ पट्ट्यांच्या, सहा. पिशवी टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी एक होऊ दिलं, दिवा बंद केला, आणि मग काकूंच्या हातानं हळूच सोडायला लावल्या. पहिल्या क्षणी सगळ्या झाडामागे लपल्या. मग एक बाहेर आली. तिच्यामागे बाकीच्या आल्या आणि टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा धावल्या की काकूंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. काकाही वाकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू बघून मोठेबाबांनी खाकरून घसा साफ केला. मी ते खाकरणं ओळखलं. युक्तिवादाला उभं राहताना ते तसंच खाकरायचे.

"साहेब," ते म्हणाले, "आमची पोट्टी अन् तुमचा पोट्टा, ह्या दोघाईचं जमत नाही. दोष कोणाचाच नाही. तुमच्या पोट्ट्याचं मन भोपाळले आहे. त्याच्या वतीनं मी बोलून राहिलो, कारण त्याले तुमची भीती वाटते."

 काका लाल झाले. तुम्ही मुलीकडचे आहात की मुलाकडचे, असं त्यांनी हिंदीत आणि मराठीत दोनदा विचारलं. लग्न मोडायचं होतं तर सरळ मोडायचं, मासोळ्या कशाला आणल्या, असंही म्हणाले. मोठेबाबा शांत. "मासोळ्या वहिनीसाठी आणल्या," एवढंच बोलले. मुलगा उभा राहिला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा काकू फरशीवरून उठल्या. हात पदराला पुसले. नवऱ्यासमोर त्या अशा कधी बोलल्या नव्हत्या, हे त्यांच्या मुलाच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "त्या मुलीला इकडे बोलवा," त्या म्हणाल्या. "मी बघते तिला. भोपाळची आहे ना? माझ्या गावची आहे ती."

ते लग्न झालं. मी गेले होते, छानपैकी हिरवी साडी नेसून, मुलाकडच्यांच्या बाजूनं. आमच्या नातेवाइकांनी मोठेबाबांना नावं ठेवली. सोन्यासारखं स्थळ पाण्यात घातलं, म्हणाले. पण त्या मांडवात काकू मोठेबाबांची सगळ्यांना ओळख करून देत होत्या, "हे माझे भाऊ," असं. ते ऐकताना मी मागे उभी होते, आणि मला वाटलं, हायकोर्टात जाऊन याहून मोठं काय जिंकलं असतं त्यांनी? माझं लग्न पुढे यथावकाश झालं, चांगलं झालं. काकू तर हळूहळू शंकरनगरच्या मोठेबाबाच झाल्या. झेब्रांनंतर गप्पी आल्या, नुसते नर, कारण नाहीतर महिन्याभरात टँकभर पिल्लं झाली असती. कॉलनीतल्या बायका नवा टँक घेण्याआधी काकूंना विचारायला येऊ लागल्या आणि काकू त्यांना पाण्याची वाट बघायला लावू लागल्या. कोणी घाई केली तर ऐकून घेत नसत.

मोठेबाबा आता थकले आहेत. मोठ्याई गेली, दुकानात जाणं गुडघ्यांनी बंद केलं. वरच्या मजल्यावर एकच छोटा टँक उरला आहे, आणि मागच्या हिवाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा त्यात एकच मासोळी होती. कोरी म्हणतात ती, बोटाएवढी, मिशांची, वाळूत तोंड खुपसून फिरणारी. त्या थव्यानं राहतात आणि पुष्कळ वर्षं जगतात. तिच्या सोबतच्या एकेक करून गेल्या होत्या. ती झाडाच्या मुळाशी निश्चल बसून होती. मोठेबाबा समोर खुर्चीवर.

"हिच्यासाठी सोबत आणायले पाहिजे," मी म्हटलं. "काहून नाही आणली?"

 "नवीन आणल्या तर दहा वर्षं जगतील त्या," ते म्हणाले. "मी आता दहा वर्षांचा हिशोब कसा धरू बाई?"

खालून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. मासोळीनं एकदा वर जाऊन हवा घेतली आणि परत मुळाशी येऊन बसली.

"मी नेईन त्या सगळ्या," मी म्हटलं. "नंतर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला. मी त्यांना धरून उठवलं, चपला पायांत घातल्या, आणि एकेक पायरी सांभाळत आम्ही जिना उतरलो. गल्लीच्या तोंडाशी, दुकानाकडे वळायच्या जागी, ऊन होतं. तिथे ते थांबले, माझा दंड जरा घट्ट धरला आणि म्हणाले, "पाच घेऊ. लहान पाहून घेऊ."